टाळ्या शेवटी वाजवा

मे महिन्यातली शनिवारची सकाळ. अटलांटाजवळच्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये आम्ही लेकाच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनला बसलो होतो. बाहेर जॉर्जियाचं चिकट ऊन आणि आत एसी इतका सणसणीत, की बायकांनी नवऱ्यांची जॅकेटं काढून घेतली होती. पॉपकॉर्न, हेअरस्प्रे आणि सेलोफेनमधल्या फुलांचा एकमेकांत मिसळलेला वास. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत सूचना होती: सर्व नावं वाचून होईपर्यंत टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या नकोत, टाळ्या शेवटी, सगळ्यांसाठी एकदम. मुख्याध्यापकांनी तेच माइकवरून दोनदा सांगितलं. सूचनेत वावगं काही नव्हतं. शेकडो मुलं, प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच सेकंद, एकाच्या गजरात पुढच्याचं नाव बुडू नये एवढाच हेतू. आमच्या पुढच्या रांगेत एक कृष्णवर्णीय कुटुंब होतं. रांगेत कसलं, दीड रांगेत. आत्या, मामा, चुलत भावंडं, कडेवर एक तान्हं, आणि मधोमध जांभळी चर्चची हॅट घातलेल्या आजीबाई. दोन पोरांच्या हातात काठीला लावलेला, पुठ्ठ्यावर छापलेला नातीचा हसरा चेहरा, खऱ्याच्या तिप्पट मोठा. आजीबाईंच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

नातीचं नाव पुकारलं आणि रुमाल सुटला. आत गुरांच्या गळ्यात असते तशी घंटा होती. दीड रांग एकदम उठली. घंटा, शिट्ट्या, पायाखालच्या पत्र्यावर बुटांचा दणका. कुणीतरी तिचं नाव अक्षरं तोडून, ठेक्यात म्हणायला लागलं आणि वरच्या कोपऱ्यातून, दुसऱ्याच कुठल्या कुटुंबाकडून, त्याच ठेक्यात उत्तर आलं. मुलगी स्टेजवर क्षणभर थांबली, खांदे उडवत एक छोटीशी गिरकी घेतली, प्रमाणपत्र छातीशी धरलं आणि उतरली. पुढच्या मुलाचं नाव खरोखरच बुडालं. शेजारी बसलेले आमचे एक मराठी स्नेही हळूच म्हणाले, "यांना कितीही सांगा, कळतच नाही." आवाजात राग नव्हता, नुसती नोंद होती. थोड्या वेळाने आमच्या लेकाचं नाव आलं, नेहमीप्रमाणे मधल्या दोन अक्षरांची अदलाबदल होऊन. नवरा मोबाइलवर चित्रीकरण करत होता, त्यामुळे त्याचे हात अडकलेले. मी माझ्यापुरती ऐकू येईल एवढी टाळी वाजवली. आजीबाई मागे वळल्या. "हा तुझा का गं, बेबी?" (इकडच्या आज्या पन्नाशीच्या बाईलाही बेबी म्हणतात.) मी मान डोलावली. त्यांनी घंटा उचलली आणि नातीसाठी वाजवली होती तशीच, काही हात न राखता वाजवली. अख्ख्या सोहळ्यात लेकाने वर पाहिलं ते तेवढंच. परतताना गाडीत टाय सैल करत म्हणाला, "बरं झालं, कोणीतरी ओरडलं माझ्यासाठी."

ते 'कोणीतरी' काही केल्या डोक्यातून जाईना.

मी सांगलीची. आमच्या शाळेतला पहिला धडा अक्षरांचा नव्हता. हाताची घडी आणि तोंडावर बोट, हा होता. अजूनही शाळा म्हटलं की खोबरेल तेल लावून चापून बसवलेल्या केसांचा आणि ओल्या पाटीचा वास येतो, आणि तर्जनी आपोआप ओठांकडे जाते. शांत वर्ग तो चांगला वर्ग. साहेब तपासणीला आले की बाई आमची शांतताच आधी दाखवायच्या, कविता मागाहून. हसू आवरेनासं झालं तर दप्तरात तोंड घालायचं. घरी आजीचं पालुपद होतंच, फार हसू नये, मग रडावं लागतं. दहावीला मला चांगले गुण पडले तेव्हा आईने पेढे आणले, आधी देवापुढे ठेवले, आणि वाटायला निघताना बजावलं, समोरच्यांकडे जरा बेतानं सांग, त्यांच्या मुलाला कमी पडलेत. त्यात माणुसकी होती आणि ती मला आजही पटते. पण आनंद बेतानं करायचा, कुणाची दृष्ट लागणार नाही इतपतच बाहेर काढायचा, हेही शिक्षण त्या पेढ्याबरोबर मिळालं. दुसरीही एक गोष्ट होती, जी तेव्हा दिसणं शक्य नव्हतं. मुलांनी शिकावं की नाही हा प्रश्न आमच्या घरात कित्येक पिढ्या कुणी विचारलेला नव्हता. शाळा गृहीत होती. गृहीत धरलेल्या गोष्टीसाठी घंटा कोण वाजवतं?

भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना जॉर्जियातल्याच सव्हाना शहरात नेतो. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस, दर दोन गल्ल्यांनंतर एक सावलीचा चौक, नदीकाठच्या दुकानांतून येणारा प्रॅलिनच्या शिजत्या साखरेचा वास. पाहुणे फोटो काढतात. मी हल्ली त्या चौकांमधून चालताना एका लहान मुलीचा विचार करते. जॉर्जियाने १८२९ साली कायदाच केला होता: कृष्णवर्णीय माणसाला, मग तो गुलाम असो की मुक्त, लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा. गोऱ्याने शिकवलं तर दंड आणि तुरुंग, कृष्णवर्णीयाने शिकवलं तर फटकेसुद्धा. १८४८ साली गुलामगिरीत जन्मलेली सूझी किंग याच सव्हानात आजीकडे राहून शिकली. शाळा भरायची ती मिसेस वुडहाउस नावाच्या मुक्त कृष्णवर्णीय विधवेच्या स्वयंपाकघरात. पंचवीस-तीस मुलं. पोलिसांच्या किंवा कुणा गोऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून पुस्तकं कागदात गुंडाळलेली. फाटकातून एकेकाने आत जायचं, सुटल्यावर एकेकानेच बाहेर पडायचं. शेजाऱ्यांना वाटे, मुलं काही हातकाम शिकायला येतात. पुढे सूझी किंग टेलर या नावाने तिने १९०२ मध्ये आठवणी छापल्या, त्यांत हे सगळं आहे. पण माझं मन रुतून बसलं ते पुढच्या तपशिलात. शाळेतून वेगवेगळी निघालेली ती पोरं जवळच्या एका चौकात एकमेकांसाठी थांबत. सगळी जमली की लॉरेलची पानं तोडून हातावर फटाफट फोडत घरी जात.

पानं फोडत.

सकाळभर स्वयंपाकघरात श्वाससुद्धा जपून घेतल्यावर चौकात येऊन काढलेला तो फट्‌ असा आवाज! कायदा, पोलीस, फटके यांची नोंद कुणीही ठेवली असती. पण साठीकडे झुकलेल्या बाईला लहानपणच्या त्या शाळेबद्दल लिहिताना पानं आठवावीत, याचं मला फार वाटतं. तोंडावर बोट त्या मुलांनीही ठेवलं होतं, पण त्यांचं बोट बाईंच्या धाकाचं नव्हतं, बाईंना वाचवण्यासाठी होतं. ही सूझी चौदा वर्षांची होते न होते तोच, १८६२ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सेंट सायमन्स बेटावर उघडपणे शाळा चालवायला लागली. दिवसा चाळीसेक मुलं आणि रात्री दिवसभराची कामं आटोपून आलेली मोठी माणसं. आणखी सहा वर्षांनी, १८६८ मध्ये, अटलांटातल्या स्टॉर्स शाळेत उत्तरेच्या सैन्यातले जनरल हॉवर्ड आले. या नावावरूनच वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचं नाव पडलं. त्यांनी भरलेल्या वर्गाला विचारलं, उत्तरेकडच्या लोकांना तुमचा काय निरोप देऊ? रिचर्ड राइट नावाचा एक पोरगा उभा राहून म्हणाला, "त्यांना सांगा, आम्ही वर येतोय." तोच पुढे सव्हानातल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचा पहिला प्रमुख झाला. मला त्या निरोपातलं 'आम्ही' ऐकू येतं. मी नाही, आम्ही. स्टेडियमवरच्या त्या आजीबाईंच्या घंटेत नात एकटी नव्हती. कागदात गुंडाळलेल्या पुस्तकांपासून निघालेली एक लांबलचक रांग होती आणि त्या रांगेला त्या दिवशी पोच मिळत होती. अशा वेळी सूचना पाळायची ती कुणी?

हे मात्र इतकं गोड करून सांगण्यात धोका आहे. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामगिरीतून पळालेला माणूस. बाल्टिमोरच्या गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना घरातली भाकरी देऊन त्या बदल्यात तो वाचायला शिकला. त्याने १८४५ मध्येच लिहून ठेवलंय, की गुलामांचं गाणं ऐकून त्यांना सुखी समजणाऱ्यांइतकं चुकलेलं दुसरं कुणी नाही. गुलाम सर्वांत जास्त गातात ते सर्वांत दुःखी असतात तेव्हा. नाताळच्या आठवड्यात मालक गुलामांना मुद्दाम मौजमजा करू देत, दारू पाजत, ती बंडाची वाफ निघून जावी म्हणून, हेही त्यानेच लिहिलंय. म्हणजे आनंद वरून सोडलेलाही असू शकतो. आणि पाहणाऱ्याच्या करमणुकीसाठी वसूल केलेलाही. तोंडाला काजळी फासून नाचणाऱ्या गोऱ्यांचे तमाशे या देशात कित्येक दशकं तुफान चालले आणि त्यांत कृष्णवर्णीय माणूस कायम हसतच असे. म्हणून नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातली मुलं मला जास्त जवळची वाटतात. १८६६ मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ पाचच वर्षांत कर्जाने डबघाईला आलं. ऑक्टोबर १८७१ मध्ये नऊ विद्यार्थी गाणी म्हणून पैसे उभे करायला बाहेर पडले. सुरुवातीला ते गोऱ्यांना रुचतील अशी प्रचलित गाणी म्हणत. आईबापांची, गुलामीच्या दिवसांतली भजनं चारचौघांत म्हणायला त्यांचं मन धजेना. ती विसरायच्या काळातली होती, आणि पवित्रही होती. आपसांत, हलक्या आवाजात, एकमेकांकडून शिकत शिकत ती हळूहळू बाहेर आली. त्या गाण्यांवर युरोपपर्यंत दौरे झाले आणि जमलेल्या पैशांतून ज्युबिली हॉल उभा राहिला. लोकांच्या देणग्यांवर शाळा बांधल्याच्या गोष्टी आपल्याकडेही पुष्कळ आहेत, पण विद्यार्थ्यांच्या गळ्यावर बांधलेली इमारत मला दुसरी माहीत नाही. ती बांधताना त्यांना रोज रात्री काय काय उघडं करून दाखवावं लागलं असेल, हा विचारही त्या इमारतीपासून वेगळा काढता येत नाही.

काही आनंद मात्र कुणाला दाखवण्यासाठी नव्हताच. १९०० साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये जेम्स वेल्डन जॉन्सन कृष्णवर्णीयांच्या स्टँटन शाळेचे मुख्याध्यापक होते. लिंकनच्या जयंतीसाठी त्यांनी एक गीत लिहिलं, भावाने चाल लावली आणि पाचशे मुलांनी ते म्हटलं. दोघे भाऊ पुढे न्यूयॉर्कला गेले, त्यांच्यापुरता तो विषय मिटला. मुलांपुरता मिटला नाही. ती ते म्हणत राहिली, दुसऱ्या शाळांत गेली तिथे म्हणाली, मोठी होऊन शिक्षक झाली तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना शिकवलं. वीसेक वर्षांत ते सगळ्या दक्षिणेत पसरलं आणि कृष्णवर्णीयांचं राष्ट्रगीत ठरलं. हे पसरवलं कुणी? गोऱ्यांच्या शाळांत वापरून झालेली जुनी पुस्तकं ज्यांच्या वाट्याला यायची, त्या शाळांनी. त्या काळच्या त्या शाळांवर इमरी विद्यापीठाच्या व्हेनेसा सिडल वॉकर यांनी फार बारकाईने काम केलं आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅस्वेल काउंटीतल्या एका कृष्णवर्णीय शाळेबद्दल त्यांनी लिहिलंय. साधनं तुटपुंजी, पण शिक्षक मुलांच्या घरी जाणारे, पालक वर्गणी काढून शाळेला हवं-नको बघणारे, आणि तू शिकशीलच हे प्रत्येकाला ठणकावून सांगणारे. मग १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. व्हायलाच हवा होता तो निकाल. पण एकत्रीकरण झालं ते एकाच दिशेने. कृष्णवर्णीय शाळा बंद झाल्या, मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली, शिक्षक मात्र गेले नाहीत. पुढच्या दहा-अकरा वर्षांत सतरा राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. इमारत चांगली मिळाली, पुस्तकं नवी मिळाली. मुलाच्या विनोदाला हसणारं, त्याची आजी कोण हे ठाऊक असणारं माणूस वर्गातून नाहीसं झालं.

त्याची किंमत अजून वळती होतेय. काही वर्षं मी इथल्या एका प्राथमिक शाळेच्या वाचनालयात आठवड्यातून एक सकाळ पुस्तकं लावायला जात असे. वाचनालयातून जेवणाची खोली दिसायची. मुली टेबलाभोवती जमून हातावर हात मारत गाणी म्हणायच्या. टाळी, चुटकी, मांडीवर थाप, टेबलावर बुक्की, मधेच एकीचं नाव गुंफून तिला आत ओढायचं, तिने उत्तर जोडून पुढचीला ओढायचं. फुगडीची आणि भोंडल्याची सवय असलेल्या माझ्या कानाला त्यातला ठेका पकडता पकडता नाकी नऊ यायचे. तीन निरनिराळ्या चाली एकाच वेळी चालायच्या आणि एकही मुलगी चुकायची नाही. जेवणावर देखरेख करणाऱ्या बाई दिवे चालू-बंद करायच्या. म्हणजे आवाज कमी. पलीकडच्या टेबलावर गोरी मुलं बाटल्या उडवून उभ्या करायचा खेळ तितक्याच दंग्याने खेळत असायची, त्यांच्यासाठी दिवे विझलेले मी क्वचितच पाहिले. कदाचित माझी नजर तेवढंच टिपत असेल. पण सरकारी आकडे नजरेचे नाहीत. २०१७-१८ या वर्षात देशभरच्या सार्वजनिक बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुलं होती सुमारे १८ टक्के, आणि शाळेतून तात्पुरतं घरी बसवलेल्यांत त्यांचा वाटा सुमारे ४३ टक्के. बालवाडीत! चार वर्षांचं पोर निलंबित होण्यासारखं करतं तरी काय? मोठेपणी हिशेब पुढे चालू. मिसिसिपीतल्या सेनाटोबियात २०१५ साली ग्रॅज्युएशनला नाव पुकारल्यावर ओरडले म्हणून नातेवाइकांना बाहेर काढलं आणि मग त्यांच्यावर शांतताभंगाचे वॉरंट निघाले. देशभर ओरड झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. २०१८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात स्टेजवर दोन पावलं नाचलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना व्यवस्थेतल्या माणसाने धरून पुढे ढकललं. ती पावलं म्हणजे त्यांच्या विद्यार्थी-मंडळांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नंतर माफी मागितली. सूचना सगळ्यांना सारखी छापलेली असते, ती मोडल्यावर काय होतं ते सारखं नसतं.

"यांना कितीही सांगा" म्हणणारे आमचे स्नेही वाईट गृहस्थ नाहीत. गंमत म्हणजे आमच्या मंडळाचं ढोल-ताशा पथक तेच चालवतात. जुलैपासून एका ऑफिसच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सराव असतो. एकदा समोरच्या वसाहतीतून तक्रार गेली, पोलिसांची गाडी आली, आणि पुढचा आठवडाभर मंडळाच्या ग्रुपवर संस्कृती, परंपरा, यांना काय कळणार, यांचा महापूर. मी वाचत होते आणि मला पुण्यातल्या माझ्या बहिणीच्या सोसायटीचा ग्रुप आठवत होता. तिथे गणपतीतल्या ढोलाला उत्साह म्हणतात आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला ध्वनिप्रदूषण. डेसिबल मोजायचं यंत्र दोन्हीकडे सारखंच असेल, पण ते बाहेर कधी काढायचं हे माणसं ठरवतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियात शिकायला आले, कृष्णवर्णीयांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून पायी अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या प्रश्नांतलं साम्य सांगितलं, आणि त्यांचं सहानुभूतीचं उत्तरही आलं. हे आपण अभिमानाने सांगतो. सांगताना बहुधा दुःखाचंच नातं सांगतो. पण सत्यशोधकांच्या आणि आंबेडकरी जलशांत ढोलकी होती, सोंग होतं, पोट धरून हसवणारा सवाल-जवाब होता, आणि 'पोरं शाळेत घाला' हे त्या हशातच सांगितलं जाई. तो हशा काही भाषणाआधीची करमणूक नव्हता. ज्यांना शिकण्यापासून लांब ठेवलं, त्यांनी शिकण्याला वाजतगाजत घरात आणलं, इथे काय आणि तिथे काय. आमच्या घराला त्याची गरज पडली नाही, म्हणून आमचे पेढे मुकाट होते.

इकडे शिक्षणाच्या जगात 'ब्लॅक जॉय', म्हणजे कृष्णवर्णीयांचा आनंद, हा आता बोलण्याचा, लिहिण्याचा विषय झालाय. बेटिना लव्ह जॉर्जिया विद्यापीठात बरीच वर्षं शिकवत होत्या. कृष्णवर्णीय मुलांना नुसतं तग धरायला शिकवणारी शाळा ही शाळाच नव्हे, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. गोल्डी मुहम्मद यांनी पाठ कसा आखावा याची चौकट मांडली. मुलाची ओळख, कौशल्य, बुद्धी, आणि सत्तेकडे डोळसपणे पाहण्याची ताकद ही आधीची चार उद्दिष्टं. त्यांत त्यांनी नंतर आनंद हे पाचवं घातलं. विचार करून घातलं आहे, आणि तो पाठाच्या शेवटी लावलेला बिल्ला नव्हे हेही त्या सांगतात. पण शाळा नावाच्या यंत्रणेच्या हाती काही दिलं की ती त्याचा रकाना करते. माझी एक शिक्षिका मैत्रीण तिचा आराखडा दाखवत होती, त्यात एका ओळीत 'आजचा आनंद' असं होतं आणि पुढे मिनिटं लिहायची होती. ती हसत होती, मीही हसले, पण घशात अडकलं. आनंदाने हजेरी वाढते, गुण वाढतात, म्हणून तो हवा, असं एकदा म्हटलं की गुण वाढले नाहीत त्या वर्षी तो बंद करायला आपण मोकळे. शिवाय आनंदाची पोस्टरं लावायला कुणी अडवत नाही, अडतं ते पुढे. २०२२ मध्ये जॉर्जियाने वंशाबद्दलच्या काही 'फूट पाडणाऱ्या' संकल्पना वर्गात आणण्यावर बंधनं घालणारा कायदा केला. सूझीची गोष्ट सांगू नका असं त्यात कुठेही नाही, पण मैत्रीण म्हणते, वाक्य तोंडातून काढण्याआधी दोनदा विचार करते. स्वयंपाकघरातली शाळा सांगायची नाही आणि नुसती पानं फोडायला सांगायची, तर तो डग्लसच्या नाताळासारखा प्रकार होईल. आणि आनंदाला पैसे लागत नाहीत म्हणणाऱ्यांनी २०१९ चा, अटलांटातल्या मोरहाउस या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा पदवीदान समारंभ आठवावा. रॉबर्ट स्मिथ या उद्योगपतींनी भाषणात मधेच जाहीर केलं, की या वर्षीच्या वर्गाचं सगळं शैक्षणिक कर्ज त्यांचं कुटुंब फेडेल. चारशेच्या आसपास मुलं, सुमारे तीन कोटी चाळीस लाख डॉलर. पोरांना आधी कळलंच नाही. एकमेकांकडे बघत राहिली. मग जो कल्लोळ उठला, त्याच्यापुढे टाळ्या शेवटी वाजवा म्हणायची कुणाची छाती झाली असती?

आजीबाईंची घंटा डोक्यात वाजत असतानाच मी उन्हाळ्यात एका फ्रीडम स्कूलमध्ये पाहुणी वाचक म्हणून नाव दिलं. या शाळांची मूळ कल्पना १९६४ च्या मिसिसिपीतली. मतदानाच्या हक्काची मोहीम चालू असताना चर्चच्या ओसऱ्यांवर, झाडांखाली चाळीसेक शाळा भरल्या, बंदुकांच्या आणि जाळपोळीच्या सावटात, आणि दोन हजारांवर मुलं-माणसं त्यांत आली. पोरं इतिहास शिकली, कविता करायला लागली, स्वतःची वर्तमानपत्रं काढायला लागली आणि गाणी तर सकाळ-संध्याकाळ. मॅरियन राइट एडलमन यांच्या चिल्ड्रन्स डिफेन्स फंडाने १९९० च्या दशकात त्या नावाने उन्हाळी वाचनशाळा पुन्हा सुरू केल्या, त्यातलीच ही एक, एका चर्चच्या तळघरातली. दिवसाची सुरुवात 'हरांबे'ने होते, म्हणजे अर्धा तास सगळे मिळून गाणी, घोषणा, पाठ थोपटणं, आणि त्यातच पाहुण्यांचं वाचन. मी पोचले तेव्हा दारातच छातीत ठोका बसला इतका आवाज. पाच वर्षांच्यापासून मिसरूड फुटलेल्यांपर्यंत सगळे उभे, कॉलेजातली ताई-दादा मंडळी घामाघूम, फरशी हादरतेय, न्याहारीच्या सरबताचा आणि सनस्क्रीनचा वास. एक मुलगा हात घडी घालून भिंतीला टेकला होता, त्याला कुणी ओढलं नाही, रागावलंही नाही. एका पोरीने काल आख्खं पुस्तक संपवलं म्हणून तिच्या नावाचा गजर झाला, ती लाजून टेबलाखाली गेली, गजर टेबलाखाली गेला. मग एकाने हात वर केला आणि खोली एकदम गप्प झाली. कुणीही तोंडावर बोट ठेवलं नव्हतं. आदल्या आरडाओरड्याने मोकळं झालेलं ते गप्प बसणं होतं आणि मी वाचायला लागले तेव्हा माझ्या कानांना ते जाणवत होतं. मधे मधे मुलं बोलत होती, पुस्तकाशीच. "अगं, जाऊ नको ना आत!" असं एकजण गोष्टीतल्या मुलीला ओरडला आणि मी ठसका लागेपर्यंत हसले.

वाचून झाल्यावर माझ्याही नावाचा गजर झाला. अक्षरांची अदलाबदल झालेलीच होती. हातांचं काय करावं ते मला कळेना, म्हणून मी ते पर्सवर ठेवले. तेवढ्यात तो भिंतीला टेकलेला मुलगा म्हणाला, "तुमच्याकडचं एक म्हणा ना." सगळी वाट बघत होती. हाताची घडीवाल्या शाळेतून काय काढायचं? डोक्यात आलं ते शाळेतलं नव्हतंच, सांगलीच्या गणपतीच्या मिरवणुकीतलं होतं, तेही जागेवरच फिरवलं. "एक दोन तीन चार, आमची पोरं लई हुशार!" पहिल्यांदा माझा आवाज पर्सपुरताच निघाला. "नाही, नाही, नीट!" टेबलाखालची पोरगी म्हणाली. दुसऱ्यांदा नीट निघाला. अर्थ सांगितल्याबरोबर त्यांना 'लई' भयंकर आवडलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याकडून ते काढून घेतलं, 'चार'वर टाळी आणि 'लई'वर पाय आपटणं बसवलं, उजव्या बाजूने विचारायचं आणि डाव्या बाजूने उत्तर द्यायचं अशी वाटणी केली. 'हुशार'चं 'उशाऽर' झालं, आणि भिंतीजवळच्या मुलाने टेबलावर बोटांनी असा काही ठेका धरला की आमच्या स्नेह्यांनी त्याला त्याच दिवशी ताशा गळ्यात घालायला दिला असता. मी वाचलेल्या गोष्टीबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. तळघराच्या पायऱ्यांवरून चर्चमधल्या एक बाई खाली डोकावल्या, वर काही बैठक चालली होती म्हणे. "चाललंय काय इथे?" त्यांनी विचारलं, आणि डावी बाजू एका दमात म्हणाली, "लई!"